बक्षीस मिळालेला रॅक

“मॅडम, तुमची भिंत शेवटी वाकतेच, तर ती बनवायचा पगार तुम्हाला कशाबद्दल मिळतो? आमच्या शाळेची मागची भिंत फुकटात वाकलीय.”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, आवाज माझा होता आणि ओरडा बसला असता तर कानही माझेच तापले असते. पण डोकं माझ्या दोन जिवलग मैत्रिणींचं होतं. एक चिमटा, कारण ती बोलली की लागतं. दुसरी भोंगा, कारण ती कानात सांगते आणि अख्ख्या बसला कळतं. सहलीच्या बसमध्ये दोघींनी पैज लावली होती की मी हे विचारणार नाही. विचारलंच, तर आठवडाभर माझं दप्तर भोंगा उचलणार. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाईंनी मला समोर बसलेली असताना तीनदा गैरहजर मांडलं होतं. मग कधीतरी लक्षात आलं की मोठ्यानं बोलल्यानं माणूस मरत नाही. तेव्हापासून मी बोलतेय. घरचे मला तुडतुडी म्हणतात आणि आता हिचं बंद करायचं बटण शोधायला हवं, असंही म्हणतात.

‘सहल’ हा शब्द शाळेचा. इतर शाळांच्या सहली बागेत जातात, आमची स्फोट बघायला गेली. माझ्या बाबांच्या कंपनीचं एक चाचणीचं आवार आहे. समुद्रात तेल आणि वायू काढणारे जे लोखंडी प्लॅटफॉर्म उभे असतात, त्यांच्यावर बसवायच्या ब्लास्ट वॉल तिथे तपासतात. भिंतीच्या एका बाजूला वायूचे पाइप, दुसऱ्या बाजूला माणसं. पाइपांकडे कधी स्फोट झालाच तर माणसांकडे फक्त आवाज यावा, एवढी साधी अपेक्षा.

बाबा तेव्हा कोपऱ्यात फळ्याला टेकून उभे होते. ते कंपनीत या भिंतींची गणितं करतात. माझा प्रश्न ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि ही मुलगी आपली कोणी लागत नाही, हे कसं सिद्ध करता येईल याचं गणित बहुतेक मनात मांडायला घेतलं. कारण ज्यांना मी विचारलं होतं त्या मॅडम म्हणजे त्यांच्या साहेब. बुटक्या, पांढरे कापलेले केस, पायात जाड बूट आणि खिशात कायम एक छोटा हातोडा. त्यांच्यामागे सगळे त्यांना हातोडाबाई म्हणतात. समोर अर्थातच कोणी म्हणत नाही.

मोठ्या माणसांना उत्तर येत नसलं की ती म्हणतात, “छान प्रश्न आहे.” हातोडाबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पुढे ये. आणि ज्यांनी तुला हा प्रश्न दिला त्या दोघींनाही घेऊन ये.”

चिमट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

समोर जाड काच होती आणि काचेपलीकडे एक पोलादी खोली. तिच्या तोंडावर एक भिंत बसवली होती, खऱ्या भिंतीच्या चौथाई मापाची. सपाट नाही, कागदाच्या पंख्याला घड्या घालतो तशा पत्र्याला उभ्या घड्या घातलेल्या. वर आणि खाली पत्र्याची एकेक वाकवलेली पट्टी, त्यावर ती भिंत उभी. बाबा तिला भिंतीचे पाय म्हणतात. सुरुवातीला मला हा विनोद वाटायचा, पण बाबा विनोद करत नाहीत.

“खोलीत दाबलेली हवा भरलीय,” हातोडाबाई म्हणाल्या. “ती एकदम सोडली की भिंतीवर धक्का बसतो. येतो आणि जातो, तुमची पापणी लवते तेवढ्यात. तेवढ्या वेळात भिंतीला एकच काम असतं.”

“वाकायचं नाही,” भोंगा म्हणाली.

“फाटायचं नाही. वाकायला माझी पूर्ण परवानगी आहे. ती वाकते त्यातच धक्क्याचा जोर खर्च होतो.”

“म्हणजे हार मानायची, पण सावकाश?” मी विचारलं. हा मात्र माझा स्वतःचा प्रश्न होता.

“सावकाश कसली! पापणी लवेपर्यंत म्हटलं ना.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आणि धक्का नुसता केवढा आहे हे बघून चालत नाही, किती वेळ टिकतो तेही बघावं लागतं. झोक्यावर बसलेल्या पोराला टिचकी मारलीस तर त्याला कळणारही नाही. पण त्याच्या झुलण्याच्या तालात ढकललंस तर?”

“तर ते पडेल आणि त्याची आई माझ्या घरी येईल.”

“भिंतीलाही असा झुलायचा ताल असतो. स्फोटाचा वेळ आणि तिचा ताल जमला की सगळ्यात जास्त हाल. तुझे बाबा दिवसभर तेच गणित करतात.”

बाबांनी एक डोळा उघडला.

मग स्फोट झाला. वर्गाएवढं कपाट कोणीतरी गच्चीवरून खाली टाकावं तसा आवाज. आमचे विज्ञानाचे सर, जे सहलीआधी दोन दिवस ‘घाबरायचं काही कारण नाही’ असं सांगत फिरत होते, ते चिमट्याच्या मागे उभे राहिलेले सापडले. पडद्यावर तोच स्फोट सावकाश करून दाखवला. भिंत आमच्या बाजूला चांगली वीतभर फुगली, घड्या उघडत गेल्या, पाय पिळवटले, आणि मग ती तशीच पोट पुढे काढून थांबली. कुठे चीर नाही, भोक नाही. दिसायला मात्र अगदीच वाईट.

“आता दुसरी,” हातोडाबाई म्हणाल्या. “तीच भिंत, तोच पत्रा. फक्त एका हुशार माणसानं हिच्यावर दोन जाड आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्यात. मजबुतीसाठी. कुठली टिकेल? हात वर करा.”

आम्ही चौतीस जण होतो. एकतीस हात दुसऱ्या भिंतीसाठी वर गेले, त्यांत दोन माझे. साहजिकच आहे, जास्त लोखंड म्हणजे जास्त ताकद. कोणालाही कळेल.

दुसरी भिंत जेमतेम वाकली. आम्ही टाळ्याही वाजवल्या. मग हातोडाबाईंनी दिवा लावला, आणि पट्टीच्या टोकापाशी पत्रा उभा फाटलेला दिसला. माझा पंजा आत जाईल एवढी फट.

“ज्या जागी वाकायचं होतं त्याच जागी आडवं लोखंड येऊन बसलं,” त्या म्हणाल्या. “मग वाकायचं सगळं काम शेजारच्या बोटभर पत्र्यावर पडलं. तो एकटा किती करणार? आणि या फटीतून आग येते बरं का. फटीपलीकडे लोक जेवत असतात.” त्यांनी हातोड्यानं पट्टीवर ठक्क केलं. “मला पगार पहिल्या भिंतीचा मिळतो. दुसरीचं काम लोक हौसेनं करतात, फुकटात. कागदावर भिंत आमची असते. समुद्रात गेली की ती सगळ्यांची खुंटी होते. कोणी फलक लावतं, कोणी पेटी बसवतं, कोणी सायकलसुद्धा टांगतं.”

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. समुद्रात सायकल! लोक किती मूर्ख असतात!

निघताना त्यांनी फळ्यावर त्यांचा नंबर लिहिला. “तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं कोणी ना कोणी प्लॅटफॉर्मवर असतं. ब्लास्ट वॉलवर काही लटकलेलं दिसलं तर मला फोटो पाठवा. मी रागावत नाही. फक्त पाठवा.”

मी नंबर उतरवून घेतला, कारण त्या दिवशी मी सगळंच उतरवून घेत होते. भोंग्याच्या खांद्यावर माझं दप्तर होतं आणि जगात मला काहीही कमी नव्हतं.

*

माझी आई प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवते. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. हे सांगितलं की लोक आधी “बाप रे” म्हणतात आणि मग “तुमच्या जेवणाचं कसं करता?” असं विचारतात. जसं काही आईचं हेलिकॉप्टर उडालं की आम्ही दोघं चुलीसमोर बसून रडतो. बाबा स्वयंपाक करतात. त्याचंही गणित असतं आणि तेही बहुतेक वेळा बरोबर येतं.

त्या आठवड्यात आई घरीच होती. शनिवारी सकाळी तिचं हेलिकॉप्टर होतं. या वेळचं जाणं साधं नव्हतं. पोहोचल्यावर दोन आठवड्यांनी वरचे साहेब प्लॅटफॉर्मवर येऊन डेकचा नवा प्रमुख निवडणार होते. डेक म्हणजे ती लोखंडी जमीन, जिथे सामान उतरतं, चढतं आणि नीट बांधलं नसेल तर कोणाच्या तरी पायावर पडतं. आई अकरा वर्षं त्या जागेची वाट बघत होती. पहिल्यांदा सांगितलं, अनुभव कमी पडतो. दुसऱ्यांदा सांगितलं, बाईचं डेकवर कोण ऐकणार. या वेळी तिच्यासमोर फक्त एकच जण होता. आई त्याला गुळगुळीत म्हणते, कारण तो दिवसभर काम करत नाही, पण संध्याकाळी त्याचा अहवाल आरशासारखा चमकतो.

आणि या वेळी आईकडे बक्षीस होतं. ‘स्वच्छ डेक, सुरक्षित डेक’ स्पर्धेचं पहिलं बक्षीस. एक प्रमाणपत्र आणि एक भिंतीवरचं घड्याळ, जे दुसऱ्याच आठवड्यात बंद पडलं. बक्षिसाचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत पाच महिने टांगलेला होता. केशरी कपड्यांत आई, हातात प्रमाणपत्र, आणि मागे तिनं डोकं चालवून करून घेतलेला रॅक: क्रेनच्या साखळ्या, जाड वायररोप, लोखंडी कड्या, सगळं मापाप्रमाणे हुकांवर, प्रत्येक हुकाला रंग, प्रत्येक रंगाखाली आईच्या अक्षरात चिठ्ठी. माझे मोजे कुठे आहेत हे या बाईला कधी सांगता आलेलं नाही. पण तो रॅक म्हणजे कविता आहे.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी पाणी पीत त्या फोटोसमोर उभी होते. म्हणजे दररोज उभी असतेच. पण त्या दिवशी रॅकच्या मागे उभ्या घड्या दिसल्या. कागदाच्या पंख्यासारख्या. आणि घड्यांवरून आडव्या गेलेल्या तीन पट्ट्या, ज्यांना सगळे हुक लावले होते.

पाणी गिळायचं राहून गेलं. ते मी परत पेल्यात सोडलं. घाणेरडं आहे, पण खरं आहे.

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

“बाबा, हा फोटो बघा. यात काय दिसतं?”

“तुझी आई,” बाबा म्हणाले. इतक्या प्रेमानं म्हणाले की मला दोन सेकंद वाईट वाटलं.

“आणि आईच्या मागे?”

“मागे तिचा तो रॅ…”

पुढचं अक्षर आलंच नाही. बाबांनी फोटो खिळ्यावरून काढला, काच सदऱ्याला पुसली, खिडकीत नेला. हा माणूस ऑफिसात बसून सगळ्या प्लॅटफॉर्मना पत्रं लिहितो: भिंतीला काहीही जोडू नये, टांगू नये, वेल्डिंग करू नये. पत्राखाली सही, सहीखाली रेघ. आणि घरी पाच महिने तोच गुन्हा खिळ्याला टांगून दर रविवारी फडक्यानं पुसत होता.

“तुम्हाला दिसला कसा नाही?”

“मी हिला बघत होतो,” बाबा म्हणाले. हे उत्तर ऐकून कुठल्याही मुलीला आनंद व्हायला हवा. मला त्या वेळी ते उत्तर फेकून मारावंसं वाटलं.

ते माझ्या गणिताच्या वहीची मागची पानं उघडून बसले. चित्र काढलं, बाण काढले, आकडे मांडले.

“साखळ्यांचं वजन किती असेल?”

“आईला विचारू?”

“नको!” इतक्या चपळाईनं मी बाबांना कधी बोलताना ऐकलेलं नाही.

“काही होणार नाही ना?”

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “नुसती भिंत टिकली असती. ही पट्टीच्या टोकाला फाटेल. आणि रॅक माणसांच्या बाजूला आहे, तुडतुडे. भिंत जेव्हा वीतभर उडी घेईल, तेव्हा हुकांवरचं लोखंड थोडंच तिथे थांबणार आहे?”

“कुठलं लोखंड?” दारातून आईचा आवाज आला. तिच्या हातात धुतलेल्या केशरी कपड्यांचा गठ्ठा होता.

बाबांनी वही मिटली. मी उघडली. आमच्या घरात कोण कोणावर गेलंय हे असं अधूनमधून स्पष्ट होतं.

*

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती बोलायला लागली, आणि तेव्हा कळलं की तो शांतपणा नव्हता, ती क्रेननं भार उचलायच्या आधी वजनाचा अंदाज घेते तसा अंदाज घेत होती.

“हा रॅक नव्हता तेव्हा साखळ्या कुठे होत्या, माहीत आहे? जमिनीवर. गेल्या वर्षी एकाचा घोटा मोडला. त्याच्या आधी एकाचे दोन दात गेले. तेव्हा तुमच्या ऑफिसातून पत्र आलं नाही कोणाचं! तुमच्या कागदावर भिंत असते, पाइप असतात, साखळ्या कुठे ठेवायच्या ते कुठे असतं हो?”

“नसतं,” बाबा म्हणाले.

“मग?”

“बाकी कुठेही चाललं असतं. या भिंतीवर नको होता.”

“बाकी कुठे? डेकवर रिकामी जागा ही एकच होती.”

“ती रिकामी का ठेवली असेल असं कोणाच्याही मनात आलं नाही?” हे मी विचारलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की माझं नवं कोरं धाडस दोन पावलं मागे सरकलं.

“तीन सह्या आहेत त्या कामावर,” ती म्हणाली. “वेल्डरची, सुरक्षा अधिकाऱ्याची आणि प्लॅटफॉर्मच्या मोठ्या साहेबांची. ‘किरकोळ काम’ म्हणून. मी काही चोरून चिकटवलेला नाही.”

तिचं खरं होतं. तीन मोठी माणसं त्या भिंतीसमोर उभी राहिली, माना डोलावल्या, सह्या केल्या, मग बक्षीस दिलं आणि शेवटी तिच्यासमोर फोटो काढला. सुरक्षेचं बक्षीस. यात कोणाला हसू आलं नाही, कारण ते सगळे फार गंभीरपणे काम करत होते.

आई खुर्चीवर बसली. बाबांची वही तिनं स्वतःकडे ओढली आणि बराच वेळ बाण बघत राहिली. ती क्रेन चालवते, भार म्हणजे काय हे तिला आमच्याहून जास्त कळतं. कपाळावरच्या आठ्या हळूहळू बदलत गेल्या. आधी रागाच्या होत्या, मग वेगळ्याच झाल्या.

“काढून टाकीन,” ती शेवटी म्हणाली. “मी स्वतः उभी राहून काढून घेईन. निवड झाली की दुसऱ्याच दिवशी.”

“दोन आठवड्यांनी?” मी म्हटलं.

“मग काय करू? साहेब यायच्या आधी मी स्वतःच सांगू की तुम्ही मला ज्याच्यासाठी बक्षीस दिलंत ते चूक होतं? गुळगुळीत त्याचा सुंदर अहवाल करील. पहिल्या पानावर माझा फोटो लावील, हाच.” ती बाबांकडे वळली. “तुम्ही सांगा. दोन आठवड्यांत काय होतंय?”

बाबा, जे आयुष्यभर लोकांना सांगत आलेत की स्फोट तारीख बघून येत नाही, ते म्हणाले, “तसं… शक्यता फारच कमी आहे.”

“बघ!” आई म्हणाली.

“बाबा!”

“मी कमी म्हटलं, शून्य म्हटलं नाही.”

“हे तुम्ही पत्रात असंच लिहिता का? ‘शक्यता कमी आहे, सवडीनं काढा, आधी तुमची बढती होऊ दे’?”

बाबांचे कान लाल झाले होते. मला ते बघून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटलं की मला राग येतो.

खरं सांगायचं तर मलाही आई प्रमुख व्हायला हवी होती. मी शाळेत आधीच सांगून टाकलं होतं. चिमटा तर म्हणाली होती, “तुझी आई पुरुषांना ओरडणार? आपण सगळ्या जाऊन बघू या ना!” रात्री जेवणं उरकली. फोटो परत खिळ्यावर गेला नाही, टेबलावर पालथा पडून राहिला.

झोपायला जाताना मी आईला एकच विचारलं. “मेसमध्ये एका वेळी किती जण जेवतात?”

“तीस-बत्तीस.”

“आणि तू कुठे बसतेस?”

तिनं कपड्यांची घडी मोडली, परत घातली. “त्याच भिंतीला पाठ लावून,” ती म्हणाली. “रॅकच्या पुढे तीच भिंत मेसमधून जाते. ती जागा ऊबदार असते. सगळ्यांना तीच जागा हवी असते. मला मिळते, कारण मी जुनी आहे.”

*

शुक्रवारी सकाळी आईची बॅग दाराशी येऊन बसली होती. बाबा पोळपाटावर काहीतरी लाटत होते. आकार चौकोनी येत होता, म्हणजे त्यांना झोप लागलेली नव्हती. आई चहा घेऊन खिडकीत उभी. दोघंही माझ्याशी अतिशय गोड बोलत होते. “दूध गरम आहे हं.” “वह्या घेतल्यास ना?” आमच्या घरात एवढं गोड तेव्हाच बोलतात जेव्हा काहीतरी चुकीचं करायचं ठरलेलं असतं.

मी दप्तर पाठीला लावलं. पैजेचा आठवडा अजून संपला नव्हता, पण घरात भोंगा नव्हती. टेबलावरचा पालथा फोटो सुलटा केला आणि माझ्या फोनवर त्याचा फोटो घेतला. एक पूर्ण, एक फक्त पट्टीच्या टोकाचा.

“काय करतेयस?” आईनं विचारलं.

“आई, तू मोठ्यानं ओरडणार असशील तर ओरड, पण पूर्ण ऐकून मग.”

बाबांच्या हातातलं लाटणं थांबलं.

“हातोडाबाईंचा नंबर आहे माझ्याकडे. निरोप मी रात्रीच लिहून ठेवलाय. त्यात लिहिलंय की डेकवर माणसांचे पाय मोडत होते म्हणून रॅक करावा लागला, की त्या कामावर तीन सह्या आहेत, की साखळ्यांना दुसरी जागा तुमच्या कागदावर दिलेलीच नाही आणि ती कुठे द्यावी हे तुम्हाला माझ्या आईइतकं नीट दुसरं कोणी सांगू शकणार नाही. शब्द चुकले असतील तर बाबा दुरुस्त करतील, सवय आहे त्यांना. पण निरोप जाईल.”

“अगं, तुला कळतंय का माझं काय होईल?” आईचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर मला सोपं गेलं असतं.

“कळतंय. तुझी जागा जाईल कदाचित. गुळगुळीतला मिळेल. मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगेन की मी तेव्हा थापा मारल्या होत्या, आणि चिमटा महिनाभर मला सोलेल. पुढच्या वेळी तू परत प्रयत्न करशील, तोपर्यंत माझ्यावर चिडलेली राहिलीस तरी चालेल. चिडायला तू असायला हवीस.” पाणी प्यायले. या वेळी गिळलं. “तू त्या ऊबदार जागी पाठ लावून जेवायला बसणार आणि मी इथे शक्यता कमी आहे म्हणून अभ्यास करत बसणार, हे मला जमणार नाही.”

आईनं चहाचा कप खिडकीत ठेवला. बाबांनी पिठाचे हात तसेच धरून ठेवले होते, जणू कोणीतरी त्यांच्यावर बंदूक रोखलीय.

“माझी बस आठ दहाला आहे,” मी म्हणाले. “आत्ता सात पंचावन्न झालेत. पंधरा मिनिटांत तुझ्या नावानं तू पाठवलास तर उत्तम, बाबांनी त्यांच्या नावानं पाठवला तरी चालेल. नाहीतर आठ दहाला बसच्या पायरीवरून मी माझ्या नावानं पाठवणार आहे. मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय.”